रोक्काल्बा हरेपर्यंत

सलिल रिसबूडचा घात केला तो 'नो वरीज' या दोन शब्दांनी. अठरा वर्षं मेलबर्नमध्ये काढली की हे शब्द जिभेवर आयते येऊन बसतात. टार्निट या आपल्या उपनगराची ट्रेन रद्द झाली, नो वरीज. बॉसने शनिवारी बोलावलं, नो वरीज. आत संतापाने काहिली होत असली तरी वरून आपलं नो वरीज. तर ऑगस्टमधल्या एका रविवारी सकाळी शेजारच्या इटालियन नीनोकाकांची मुलगी रोझा कुंपणाशी आली आणि म्हणाली, "सलिल, पप्पांची या कागदावर एक सही हवीय. माझं ऐकत नाहीत. तुझं ऐकतील. घेशील तेवढी?" आणि कागदात काय लिहिलंय हे न वाचताच सलिलने ते दोन शब्द उच्चारले.

कागद तसा साधाच होता. एकोणऐंशी वर्षांच्या नीनोकाकांचा डावा खुबा पार झिजला होता. सरकारी हॉस्पिटलच्या यादीत नंबर लागता लागता दोन वर्षं गेली, आणि आता नंबर आला तर काका 'मी शस्त्रक्रियेसाठी तयार आहे' या ओळीखाली सही करेनात. सही केली नाही तर नाव 'तयार नाही' या खान्यात जातं. त्या खान्यात एकशे ऐंशी दिवस राहता येतं. मग नाव कटाप! पुन्हा पहिल्यापासून रांग, पुन्हा दोन-अडीच वर्षं. आणि तीन घरं सोडून राहणारी मयूरा, जी फिजिओथेरपिस्ट आहे आणि कुणालाही घाबरवायला कमी करत नाही, तिने स्पष्ट सांगितलं होतं, "एवढा वेळ त्या खुब्याकडे नाही रे. तोवर काका व्हीलचेअरमध्ये असतील."

सलिल एका वेअरहाऊस कंपनीत प्लॅनर आहे. कुठला ट्रक किती वाजता कुठे पोचेल हे सांगणं हेच त्याचं काम, आणि त्याचा त्याला बारीकसा गर्वही आहे. एका सहीला किती वेळ लागेल? त्याने पंधरा मिनिटं धरली. म्हाताऱ्या माणसाचा चष्मा सापडायला पाच मिनिटं वर.

"अकराला जातो, अकरा वीसला परत," त्याने बायकोला, चित्रलेखाला सांगितलं.

"मितालीचा क्लास आहे बाराला."

"अगं, मी काय इटलीला चाललोय?"

माणसाने असं बोलू नये.

नीनोकाका गॅरेजमध्ये टीव्हीसमोर पांढऱ्या प्लास्टिकच्या खुर्चीत बसले होते. डावा पाय टोमॅटोच्या क्रेटवर. काकांनी कागद बघितला, पेन बघितलं आणि म्हणाले, "करतो. मॅच संपली की करतो. बस."

बसायला एक पालथी बादली होती. सलिल बसला.

आता ही मॅच काय होती ते सांगायला हवं. इटलीत कोपा इटालिया नावाची स्पर्धा असते. देशातले चव्वेचाळीस क्लब, आणि नियम अगदी निष्ठुर. एक मॅच हरलात की घरी. बरोबरी झाली की पेनल्टी, आणि मग घरी. ऑगस्टमध्ये लहान क्लब आपसांत मारामाऱ्या करतात, आणि त्यातून जे वाचतात ते डिसेंबरात मोठ्या क्लबांच्या तोंडी पडतात. त्या चव्वेचाळिसांत यंदा रोक्काल्बा होता. रोक्काल्बा म्हणजे नीनोकाकांचं डोंगरावरचं गाव, वस्ती नऊ हजार, क्लब तिसऱ्या डिव्हिजनचा. कपात ते आजवर जेव्हा जेव्हा उतरले तेव्हा तेव्हा पहिल्याच मॅचला बाहेर पडले.

"आजपण हरतील," काका म्हणाले. "हरले की सही. पण रोक्काल्बा कपात असताना मी ऑपरेशनच्या टेबलावर झोपणार नाही. शब्द दिलाय."

"कुणाला?"

काकांनी हनुवटीने भिंतीवरच्या फोटोकडे खूण केली. लूचियाकाकू. चार वर्षांपूर्वी गेल्या. "आम्ही दोघं एकत्र बघायचो. मी झोपलो आणि नेमके ते जिंकले, तर वर गेल्यावर तिला काय सांगू?"

सलिलने घड्याळ बघितलं. मध्यंतर झालं होतं, म्हणजे पंचेचाळीस मिनिटांचाच प्रश्न होता. आणि खरं सांगायचं तर तेवढाही नव्हता, कारण मॅच होऊन गेलेली होती. इटलीत संध्याकाळी होणारी मॅच मेलबर्नमध्ये पहाटे पाचला येते. काकांना गोळीमुळे सातपर्यंत जाग येत नाही, म्हणून रोझा ती रेकॉर्ड करून ठेवते. निकाल चुकूनही कानावर पडू नये म्हणून काका आपला फोन फ्रिजमध्ये, चीजच्या मागे ठेवतात.

ऐंशीव्या मिनिटाला रोक्काल्बा एक गोलने मागे होता. सलिलने कागद मांडीवर घेतला आणि पेनाचं टोपण काढून दातात धरलं. म्हणजे शिट्टी वाजली की लगेच पेन पुढे. प्लॅनिंग म्हणतात ते हे.

एवढ्यात गॅरेजचं शटर खडखडत वर गेलं. दारात मोहन शेंडे. मोहन हा सलिलचा कॉलेजपासूनचा मित्र. राहतो क्लेटनला, म्हणजे मेलबर्नच्या पार दुसऱ्या टोकाला, आणि त्या दिवशी दीड तास गाडी हाणत आला होता सलिलचं ड्रिल मशीन न्यायला. शटरची स्प्रिंग तुटलेली, त्यामुळे ते वर राहायचं तर कुणीतरी डोक्यावर धरून उभं राहायला हवं. मोहनने ते दोन्ही हातांनी धरलं आणि म्हणाला, "अरे, ड्रिल कुठाय?" त्याच्या मागे चित्रलेखा, हातात काकांसाठी गरम थालीपिठाची ताटली. "वीस मिनिटं म्हणाला होतास! पाऊण तास झाला!" आणि ड्राइव्हवेत गाडीत बसलेल्या तेरा वर्षांच्या मितालीने क्लासला उशीर होतोय म्हणून हॉर्नवर जो हात ठेवला तो काढेचना.

आणि त्याच क्षणी रोक्काल्बाच्या लेफ्ट बॅकने आंधळेपणाने पाय फिरवला, बॉल कुणाच्या तरी पाठीवर आपटला आणि गोलात गेला!

इथे सलिलने चूक केली. एरवी तो इंजिनियर आहे, ग्रहणात जेवतो. पण त्याचं लहानपण ठाण्यात क्रिकेट बघण्यात गेलेलं. भारताची जोडी जमली की जो जिथे असेल त्याने तिथेच बसायचं, हा घरचा कायदा. एकदा शेवटची जोडी जमली तेव्हा त्याचे मोठे काका संडासात होते. जिंकेपर्यंत त्यांना बाहेर येऊ दिलं नव्हतं. तर तोंडातलं टोपण न काढता सलिल ओरडला, "कोणी हलू नका! नोबडी मूव्ह!"

कोणी हललं नाही. मराठी माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. मोहन शटर धरून, चित्रलेखा ताटली धरून, सलिल टोपण धरून. मिताली मात्र बिचारी चिडून दर मिनिटाला हॉर्न मारत होती. पेनल्टीत समोरच्यांचे दोन बॉल बाहेर गेले. रोक्काल्बा जिंकला.

नीनोकाकांनी सलिलकडे असं बघितलं, की तसं आदराने त्याच्याकडे ऑफिसात कुणी आजवर बघितलं नव्हतं.

"सालीलो," ते म्हणाले, "कागद घरी ने. रोक्काल्बा अजून आत आहे. पुढच्या रविवारी सगळे इथे. ऐंशीव्या मिनिटाला तू बादलीवर, टोपण दातात. तो दारवाला दारात. बाई ताटली घेऊन. बाहेर हॉर्न."

"काका, पण ही मॅच पहाटेच संपलीय. रेकॉर्डिंग आहे हे. आपण हललो काय आणि नाचलो काय..."

"इटलीत संपली," काका म्हणाले. "माझ्या गॅरेजमध्ये नव्हती संपली."

सलिलने टोपण पेनाला लावलं आणि कागद उचलला.

घरी येताच सलिलने जाहीर केलं, की सही घेतल्याशिवाय मी राहणार नाही. रोझाने नाइलाजाने 'तयार नाही' वर खूण केली आणि एकशे ऐंशी दिवस सुरू झाले. सलिलने ते फ्रिजवरच्या कॅलेंडरवर मोजले. फेब्रुवारीतला दुसरा सोमवार. "तोवर कशाला, पुढच्या रविवारी हरतायत," तो म्हणाला.

पुढच्या रविवारी ते जिंकले. एकोणनव्वदाव्या मिनिटाला, मोहन शटर धरून कण्हत असताना.

सलिलने 'टार्निट मराठी कट्टा' या ग्रुपवर सल्ला विचारला. तोही एक मूर्खपणाच. दत्तात्रय जोगळेकरांनी खुबेदुखीवर एरंडेलाचा लेप सुचवला. विक्रांतने सांगितलं, जुनी एखादी हरलेली मॅच लाव, म्हाताऱ्याला कळतंय काय. म्हाताऱ्याला लेफ्ट बॅकच्या आजोबांचं नाव माहीत होतं, पण असो. कुणीतरी म्हणालं, तूच ठोक ना सही. चित्रलेखाने मात्र फोन बाजूला ठेवून शांतपणे सांगितलं, "बायकोच्या फोटोसमोर बोललेत ते. नवस आहे तो. नवस मोडायला लावायचा नाही, फेडायला मदत करायची."

"अगं, पण नवस फिटतो कधी? हरल्यावर! आणि आपण मदत करतोय जिंकायला!"

"ते तू बघ. नोबडी मूव्ह कोण ओरडलं होतं?"

सप्टेंबरातल्या फेरीआधी मोहनचा खांदा आखडला. सलिलला त्याची दया आली, आणि दया ही या गोष्टीत कुणालाच परवडलेली नाही. काकांना न सांगता त्याने मेकॅनिक बोलावून शटरची स्प्रिंग बदलून घेतली. शनिवारी मोहन क्लेटनहून आला, शटर वर केलं आणि हात सोडले. शटर आपलं आपण वर राहिलं. मोहनला इतका आनंद झाला की त्याने ते चारपाच वेळा वर-खाली करून बघितलं.

नीनोकाकांचा चेहरा मात्र पांढरा पडला. "हा काय धरणार मग?"

"काही नाही धरणार, काका. नुसता उभा राहील."

"नुसता उभा राहायला तो काय खांब आहे? त्या दिवशी त्याला त्रास होत होता. त्रास झाला पाहिजे!"

मॅच लावायलाच काका तयार होईनात. शेवटी दुपारी मेकॅनिकला पुन्हा बोलवावं लागलं. "बावीस वर्षांत दार बिघडवायला मला कुणी बोलावलं नव्हतं, मेट," असं म्हणत त्याने नवी स्प्रिंग काढली. मोहन शटर डोक्यावर घेऊन उभा राहिला, त्याला त्रास झाला, आणि रोक्काल्बा दोन एकने जिंकला. मोहन त्यानंतर आठवडाभर सलिलशी बोलला नाही.

या सगळ्यात एक गोष्ट कधी घडली ते सलिललाही कळलं नाही. तो लंचमध्ये रोक्काल्बाच्या बातम्या वाचायला लागला, अर्थात निकाल सोडून. लेफ्ट बॅक सकाळी बापाच्या बेकरीत पाव भाजतो आणि संध्याकाळी खेळतो, हे तो ऑफिसात अनिशला सांगायला लागला. अनिश त्याच्या शेजारच्या डेस्कवर बसतो आणि सगळं निमूटपणे ऐकतो. आणि काका? काकांनी दाढी करायला सुरुवात केली होती. रोझा म्हणाली, "आई गेल्यापासून पप्पा असे दिसले नव्हते. पण सलिल, काल बाथरूममधून बाहेर यायला त्यांना वीस मिनिटं लागली." दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या, आणि त्यांतली एकही सलिलला रात्री नीट झोपू देत नव्हती.

डिसेंबरात मोठे क्लब उतरले. रोक्काल्बासमोर उत्तरेकडचा एक मातब्बर क्लब होता, ज्याच्या राखीव गोलकीपरच्या पगारात अख्खं रोक्काल्बा वर्षभर जेवलं असतं. "आता संपलं," सलिल म्हणाला. मोहन नेमका अ‍ॅडलेडला, मॉसन लेक्सला, भाचीच्या युनिव्हर्सिटीच्या ॲडमिशनसाठी गेलेला, आणि तो दारात नसेल तर काका मॅचच लावणार नाहीत. सलिलने त्याला फोन करून इतकंच सांगितलं, "माणसाचा खुबा आहे, मोहन." मोहनने त्याला दोन अस्सल कोल्हापुरी शिव्या दिल्या आणि सकाळचं विमान पकडलं.

ऐंशीव्या मिनिटाला शून्य-शून्य. सगळे जागेवर. मिताली गाडीत, दर मिनिटाला हॉर्न. "डॅड, धिस इज लिटरली अ रेकॉर्डिंग," असं ती दर वेळी म्हणे आणि दर वेळी गाडीत जाऊन बसे. आणि नेमकी पेनल्टी सुरू होताना मोहनच्या काखेखालून वाकून एक उंच बाई आत आल्या. कौन्सिलचा, म्हणजे तिथल्या नगरपालिकेचा निळा शर्ट, छातीवर 'डेबी'.

"इथून हॉर्नबद्दल तक्रार आली आहे. गाडी कुणाची?"

"माझी," टोपण दातात धरून सलिल म्हणाला.

"जरा बाहेर येता का?"

"नाही."

सलिलने आयुष्यात सरकारी माणसाला असं उत्तर दिलं नव्हतं. डेबीने बादलीवरचा माणूस बघितला, दारातला बघितला, ताटलीवाली बघितली. मग टीव्हीकडे नजर गेली. "कुणाची पेनल्टी?" तिने विचारलं, आणि हातातली वही छातीशी धरून ती तिथेच थांबली.

रोक्काल्बा जिंकला! काका रडले. मोहनने शटर सोडलं आणि ते डेबीच्या पाठीमागे धाडकन खाली आलं. डेबीने पेनाने वहीत लिहिलं, 'आवाजाची खातरजमा झाली,' आणि सलिलच्या हातात लेखी ताकीद ठेवली. ती निघाली तेव्हा काका म्हणाले, "पुढच्या वेळी हीपण पाहिजे."

सलिलला हीच भीती होती.

पुढची फेरी फेब्रुवारीत. उपांत्यपूर्व. मॅच इटलीत बुधवारी, काका बघणार शनिवारी आणि सोमवारी एकशे ऐंशीवा दिवस. जिंकले तर उपांत्य फेरी मार्च-एप्रिलमध्ये, म्हणजे यादीतलं नाव गेलंच. रोझाने सलिलचा हात धरला आणि म्हणाली, "या वेळी काहीतरी कर."

सलिलने आधी डेबीचं बघितलं. कौन्सिलच्या वेबसाइटवर 'शेजाऱ्याची तक्रार' असा एक फॉर्म होता. त्यात त्याने स्वतःविरुद्ध तक्रार भरली. तक्रारदार सलिल रिसबूड, त्रास देणारा सलिल रिसबूड. वेबसाइटने ती दोनदा नाकारली, दोन्ही नावं एकच आहेत म्हणून. मग त्याने फोन केला. पंचेचाळीस मिनिटं संगीत ऐकल्यावर त्याला सांगण्यात आलं, की माणसाला स्वतःचा त्रास होत असेल तर तो विभाग वेगळा आहे. शेवटी चित्रलेखाने आपल्या नावाने नवऱ्याविरुद्ध तक्रार केली. ती मात्र एका फटक्यात मंजूर झाली. शनिवार, दुपारी एकची वेळ मिळाली.

शुक्रवारी ऑफिसात अनिश खुर्ची वळवून म्हणाला, "बॅड लक, यार. कळलं मला. दो-झीरो. एकोणिसाव्या मिनिटाला एक आणि अठ्ठ्याऐंशीव्या मिनिटाला..." सलिलचा चेहरा बघून तो थांबला. "ओ शिट. तू अजून पाहिली नव्हतीस?"

पहिल्यांदा सलिलला हलकं वाटलं. हरले! उद्या सही, सोमवारी हॉस्पिटल, काम फत्ते. प्लॅन सहा महिने लांबला, पण पार पडला. ट्रेनमध्ये बसल्यावर मात्र त्याला एकदम रडू यायला लागलं. लेफ्ट बॅक आता सकाळी पाव भाजत असेल, एवढंच त्याच्या मनात येत राहिलं. घरी आल्यावर त्याने कुणालाही सांगितलं नाही.

शनिवारी एक्केचाळीस डिग्री होतं. गॅरेजचा पत्रा तापलेला. काकांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. एकोणिसाव्या मिनिटाला गोल पडला तरी ते डगमगले नाहीत. "ऐंशीपर्यंत थांबा," ते म्हणाले.

ऐंशीव्या मिनिटाला सगळे जागेवर गेले. बादली. टोपण. शटरखाली घामाने निथळणारा मोहन. थालीपीठ. हॉर्न. डेबी वही छातीशी धरून. कुठे काही कमी नव्हतं. एक्याऐंशी झाली, ब्याऐंशी झाली. रोक्काल्बाचा बॉल गोलाकडे जाईना. काकांनी एकेकाकडे बघून सगळ्यांच्या जागा तपासल्या. त्र्याऐंशी. चौऱ्याऐंशी. पंच्याऐंशीव्या मिनिटाला त्यांनी टीव्हीवरून नजर काढली.

"सालीलो, तो कागद फाडून टाक."

"काका?"

"सगळे जागेवर आहेत. तुम्ही काही चुकला नाहीत. तरी हरतायत. म्हणजे खोट माझ्यात आहे." काकांचा आवाज इतका बारीक झाला होता की हॉर्नमध्ये तो जेमतेम ऐकू येत होता. "लूचिया नशीबवान होती. मी नाही. ऐंशीच्या म्हाताऱ्याला नवं हाड कशाला? इथून तिथे बसायला?"

रोझाने तोंडावर हात ठेवला. सलिलने काकांकडे बघितलं. पांढऱ्या खुर्चीत ते एवढेसे झाले होते. मॅच संपल्यावर हा माणूस सही करणार नाही, हे त्याला स्वच्छ कळलं. शब्द मोकळा होईल, पण माणूसच उठणार नाही.

स्क्रीनच्या कोपऱ्यात सत्त्याऐंशी मिनिटं झाली. सत्त्याऐंशी दहा. वीस. सलिलने आयुष्यभर दुसऱ्यांचे ट्रक वेळेवर पोचवले होते. सत्त्याऐंशी पन्नासला त्याने दातातलं टोपण काढून पेनाला लावलं, बादलीवरून उठला, दोन्ही हात वर करून मोठ्ठा आळस दिला आणि म्हणाला, "चला! मी जरा पाणी पिऊन येतो."

"सलिल!" मोहन किंचाळला.

"अरे, बस! बस खाली!" चित्रलेखा ओरडली.

टीव्हीवर बॉल मध्यातून सुटला, एकाच्या पायातून दुसऱ्याकडे गेला आणि रोक्काल्बाच्या जाळ्यात. दोन-शून्य.

मग नीनोकाका उठले. दोन्ही हातांनी खुर्ची दाबून, दात खाऊन, पण उठले. चेहरा लालबुंद. त्यांनी इटालियनमध्ये जे काही म्हटलं त्यातला एकही शब्द सलिलला कळला नाही आणि सगळं कळलं.

"तू! सहा महिने! दोन मिनिटं बसवलं नाही तुझ्याच्याने? ते बरोबरी करणार होते! आता करणार होते! तू हरवलंस त्यांना!"

"तहान लागली होती, काका."

"तहान! लूचियाला सांगतो मी. माझा काही दोष नाही, या गाढवाला तहान लागली!" त्यांनी हात पुढे केला. "आण तो कागद! आण इकडे! नवा खुबा बसू दे. पहिली लाथ तुला घालीन. लिहून ठेव!"

त्यांनी सही इतक्या जोरात केली की कागद फाटता फाटता वाचला. डेबीने, कुणी न विचारता, साक्षीदार म्हणून खाली आपलंही नाव लिहिलं.

मोहन शटर टाकून निघून गेला. जाताना एवढंच म्हणाला, "माझा खांदा गेला रे, आणि तुला तहान?" संध्याकाळपर्यंत कट्ट्यावर सगळ्यांना कळलं होतं की सेमीफायनल रिसबूडने घालवली. जोगळेकरांनी तर त्यावर निबंधच लिहिला. चित्रलेखा भांडी आदळत लावत होती. डेबीने गाडीच्या काचेवर लावलेला ताकिदीचा दुसरा कागद काढायला सलिल गेला तर पुढच्या सीटवर मिताली अजून बसलेली.

"डॅड, यू ऑलरेडी न्यू."

"काय?"

"द स्कोअर. यू स्टूड अप राइट बिफोर द गोल. मी थर्सडेलाच बघितला होता."

"मग सांगितलं नाहीस कुणाला?"

"यू डिडन्ट आयदर," ती म्हणाली आणि खिडकीबाहेर बघायला लागली.

"आईला बोलू नकोस. कुणालाच नको."

"नो वरीज," मिताली म्हणाली.

मार्चमध्ये ऑपरेशन झालं. दोन महिने काकांनी सलिलशी एक शब्द काढला नाही. सलिलने सूप नेऊन ठेवलं तर ते रोझाच्या हातून परत आलं, भांडं धुऊन. टार्निटमधल्या कुठल्याही घरी जेवायला गेलं की कुणीतरी हसून पाण्याचा ग्लास आधी सलिलच्या हातात देई, आणि सलिल तो निमूट पिई. दुखायचं त्याला, नाही असं नाही. पण तोंड उघडलं नाही.

मे महिन्यातल्या एका शनिवारी तो ड्राइव्हवेत गाडी धूत होता. शेजारचं दार उघडलं. नीनोकाका बाहेर आले. काठी नव्हती. मागे रोझा होती, पण तिला त्यांनी हातानेच मागे थांबवलं. आपल्या पायऱ्या उतरले, फुटपाथवर आले, वळले, आणि सलिलच्या ड्राइव्हवेचा चढ चढायला लागले. एक पाऊल, मग दुसरं. डावं पाऊल उजव्याइतकंच लांब पडत होतं. सलिलने पाइप खाली ठेवला. पाणी त्याच्या चपलांवरून वाहत राहिलं.

काका समोर येऊन उभे राहिले. दम लागला होता, चेहरा अजून रागातच होता.

"वळ," ते म्हणाले.

सलिल वळला, दोन्ही हात बॉनेटवर ठेवले आणि कमरेत जरा वाकला. "डाव्या पायानेच ना, काका?"

"मग? नवा तोच आहे."

लाथ सणसणीत बसली. सलिलच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. लाथ फार जोरात लागली म्हणून आलं, असंच तो आजवर सगळ्यांना सांगत आला आहे.